भंडाऱ्यातलं आखूड रिव्हॉल्व्हर

आमच्या रहिमतपूरच्या घरी नवा माणूस आला की दारातच थबकतो. समोरच्या भिंतीवर बंदुका. दोन ठासणीच्या, एक निम्मीच उरलेली, चार रिव्हॉल्व्हरं, आणि खाली काचेच्या पेटीत नुसते सुटे भाग. मग मला सांगावं लागतं की बाबा, यातलं एकही उडत नाही. कुणाच्या नळीत शिसं ओतलंय, कुणाचा घोडाच मोडलाय, आणि प्रत्येकाचा पोलीस ठाण्याचा कागद फायलीत लावलेला आहे. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की चहाचं आधण ठेवता ठेवता आपोआप तोंडातून बाहेर पडतं.

आमचे हे सैन्यात आर्मरर होते. म्हणजे बंदुका चालवणारे कमी आणि दुरुस्त करणारे जास्त. नोकरी संपवून घरी आले तेव्हा मला वाटलं, आता ऊस बघतील, चार माणसांत बसतील. कसलं काय. ऊस दिरांच्या अंगावर टाकला आणि हे कुणाच्या माळ्यावरची, कुणाच्या भंगारातली गंजकी नळी मांडीवर घेऊन बसायला लागले. मी तोंडाची फटकळ. एकदा म्हटलंसुद्धा, "सवत आणली असती तर परवडली असती, निदान चार भांडी तरी घासली असती तिनं." यांनी मान वर न करता फडकं मागितलं.

एवढं सगळं असून त्या भिंतीवर एक जागा यांनी मुद्दाम मोकळी ठेवली होती. नोकरीत असताना कुठल्याशा जप्तीच्या मालात यांनी एक रिव्हॉल्व्हर हाताळलं होतं. आखूड नळीचं, हलकं, पण भोकाला मोठं. जुने साहेबलोक कोटाच्या खिशात ठेवायचे म्हणे. त्याचं वर्णन मी जेवताना, झोपताना, लग्नाला जाताना गाडीत ऐकलेलं आहे. "मुठीत मावतं गं. आणि समोरून बघशील तर करंगळी आत जाईल एवढं तोंड. एवढ्या मोठ्या गोळीला माणूस जड बंदूक करतो. ती हलकी करायची म्हणजे करणारा एक तर येडा असला पाहिजे नाहीतर लय हुशार." तसं एक आपल्याकडं असावं, एवढी एकच इच्छा या माणसानं आयुष्यात पुन्हा पुन्हा बोलून दाखवली. साडी घेऊ का तुला, असं कधी एवढ्यांदा विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सकाळी दाढी करताना यांच्या उजव्या हातातला वस्तरा खाली पडला. उचलायला वाकले ते तिथंच बसले. साताऱ्याला दवाखान्यात अठरा दिवस काढले. माणूस हाती लागला, हेच खूप होतं. बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र आला नाही. मांडीवर ठेवला की मांडीवर, उशीवर ठेवला की उशीवर. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला आणि दिवसातून शंभरदा दाबायला सांगितलं. हात वापरला नाही तर कायमचा आखडेल, हेही तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं.

"मी काय रांगतोय का?" असं म्हणून यांनी तो चेंडू डाव्या हातानं अंगणात भिरकावला. मी आणून दिला की पुन्हा अंगणात. शेजारणीचं कुत्रं त्या चेंडूवर चांगलं पोसलं गेलं.

एके दुपारी मला म्हणाले, ते मोठं रिव्हॉल्व्हर काढून दे. भिंतीवरचं सगळ्यात जुनं, लांब नळीचं. किलोच्या वर वजन. मी ते त्यांच्या उजव्या हातात ठेवलं, त्यांनी बोटं मिटायचा प्रयत्न केला, आणि ते धाडकन खाली आलं. फरशीचा टवका उडाला. आणि मी काय बोलावं? "झालं, फरशी गेली," असं बोलले. आयुष्यात खूप काही फाडफाड बोलले आहे, पण एवढं एक वाक्य परत गिळता आलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना शांतपणे म्हणाले, "भिंत रिकामी कर. सगळं ठाण्यात जमा करून टाक."

त्या बंदुका मला कधी आवडल्या नव्हत्या. धूळ पुसून पुसून माझी कंबर गेली होती. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं भांडले. एकाही खिळ्याला हात लावू देणार नाही म्हटलं. आत जाऊन तांदळाच्या डब्यापुढं बसून रडले, कारण मला कळलं होतं की हात गेला तर माणूसही हळूहळू जाणार. याला चेंडू नको होता. याला लोखंड पाहिजे होतं, आणि त्या हाताला उचलेल एवढंच हलकं पाहिजे होतं. म्हणजे तेच. जे वीस वर्षांत मिळालं नाही ते.

पलटणीतले यांचे एक जोडीदार कुपवाडला एका कारखान्याच्या गेटवर नोकरी करतात. मूळचे आटपाडीकडचे, मेंढपाळाच्या घरातले. मी त्यांना भावजी म्हणते. ते बघायला आले, तासभर बसले, आणि निघताना मी त्यांना फाटकापाशी गाठून सगळं सांगितलं. ते गाडीला किल्ली लावून तसेच उभे राहिले.

"वहिनी, तसलं एक आमच्याकडं हाय," म्हणाले. "पर इकत मिळायचं न्हाई. द्येवाचं हाय त्ये."

मी म्हटलं, बघायला तर मिळेल ना? नणंदेला यांच्यापाशी बसवलं आणि यांना सांगितलं, वाईला बहिणीकडं जाऊन येते. वाई उत्तरेला आणि मी निघाले पूर्वेला. विट्याला एसटीतून उतरले, तिथून भावजींच्या मोटरसायकलवर मागं बसले. साठीच्या बाईनं असं बसावं का, हा विचार करायला सवड नव्हती. ऊस मागं पडला, माळ सुरू झाले, मधूनच कालव्याच्या पाण्यावर आलेल्या डाळिंबाच्या बागा, पुन्हा माळ.

भावजींची एक चुलती तिथं बिरोबाच्या लहानशा देवळाची दिवाबत्ती बघते. सत्तरी उलटलेली, काटक, डोक्यावरचा पदर दाताखाली धरून बोलणारी. मी त्यांना मावशीच म्हणायला लागले. त्यांनी देवापुढची लाकडी पेटी उघडली. आत नुसता भंडारा, पिवळाधमक. त्यात हात घालून त्यांनी ते वर काढलं.

यांनी केलेल्या वर्णनात एक शब्द कमी नव्हता की जास्त नव्हता. मुठीएवढं. नळी माझ्या तर्जनीपेक्षा आखूड, आणि तोंड रुंद. मावशींच्या सासऱ्यांच्या वडलांना ते मेंढरं चारताना ओढ्याच्या कपारीत चामड्यात गुंडाळलेलं सापडलं होतं. कुणाचं, कुठलं, कुणाला ठाऊक नाही. त्यांनी घाबरून ते देवापुढं ठेवलं. पुढं ठाण्यातल्या लोकांनी येऊन नळीत शिसं ओतलं, घोड्याचं पुढचं नख कापलं, कागद करून दिला आणि देवाचं ते देवाला परत ठेवलं. तेव्हापासून दर खंडेनवमीला घरातल्या कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर त्याचीही पूजा. मावशींनी ते माझ्या हातावर ठेवलं. अर्ध्या किलोच्या आसपास असेल. एवढं हलकं होतं की मला एकदम भरून आलं.

मी लाजलजा गुंडाळून मागितलं. म्हटलं, मावशी, माझ्या मालकाचा हात याच्यावर अडलाय. त्या म्हणाल्या, "माजं असतं तर आत्ता पदरात घातलं असतं. द्येवाचं हाय. इचारते." मग त्यांनी कौल लावला. ओल्या बोटांनी झेंडूच्या दोन पाकळ्या देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आम्ही तिघं हात जोडून बसलो. माझी नजर उजव्या पाकळीवरून हलत नव्हती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डावी पाकळी सुटली आणि टपकन खाली आली.

मला असा संताप आला म्हणून सांगू. मी देवाला तिथल्या तिथं सुनावलं. तुझ्यापाशी ते पडून राहणार, माझ्या माणसाच्या हातात गेलं तर तुझं काय बिघडणार होतं, असं मोठ्यानं बोलले. भावजी कानकोंडे झाले. मावशी मात्र रागावल्या नाहीत. पाकळी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली आणि माझ्याजवळ बसल्या.

"बाई, त्यो न्हाई म्हनला त्ये ह्येला हितनं न्ह्यायला," त्या म्हणाल्या. "तुज्या मालकाला हितं आनू नगं, आसं कुटं म्हनला?"

मग त्यांनी मला ते हत्यार नीट दाखवलं. घरातल्यांनी इतकी वर्षं श्रद्धेनं काय केलं होतं, तर दर खंडेनवमीला त्याच्यावर तेल ओतायचं आणि वर मूठभर भंडारा. आदल्या वर्षीचं पुसायचं नाही, कारण देवाचा भंडारा पुसायचा कसा? तेल आणि हळद मिळून त्याची लाखेसारखी कडक पुटं चढली होती. चाप बसला होता, गोळ्यांची चक्री फिरत नव्हती, घोडा जागचा हालत नव्हता. "द्येवाचं हत्यार असं मुकं झालंय," मावशी म्हणाल्या. "मला लय लागतं जिवाला. ह्यातलं कळनारा मानूस मी कवापासनं हुडकतीया."

घरी येऊन मी यांना खरं सांगितलं. आधी वाईचं खोटं बोलल्याबद्दल दोन शब्द ऐकून घेतले. मग पुढचं सांगितलं. तेल आणि भंडारा म्हटल्यावर हे पलंगावर उठून बसले.

"चापात पण?"

"चापात, चक्रीत, सगळीकडं."

"तेलावर हळद? आणि वरनं पुन्हा तेल? दरसाल?" हे चिडले. कित्येक महिन्यांत हा माणूस कशावर चिडला नव्हता. "कुठल्या गाढवांनी..." म्हणता म्हणता देवाची आठवण होऊन थांबले, आणि मग हसायला लागले. तोंड एका बाजूला जरा वाकडं होऊन हसत होते, पण हसत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन बिरोबाची माफी मागितली. शनिवारी संध्याकाळी यांनी स्वतःहून विचारलं, उद्या भावजींची गाडी किती वाजता येणार.

भावजींनी दर रविवारी, त्यांच्या एकुलत्या एक सुट्टीच्या दिवशी, आपली जुनी व्हॅन कुपवाडहून रहिमतपूरला आणायची, आम्हाला आटपाडीकडं न्यायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं, असं जवळजवळ एक वर्ष केलं. सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलं. डिझेलचं नाव काढलं की म्हणायचे, "वहिनी, भाकरी बांधून घ्या, बाकी बोलू नका." आजही त्यांची व्हॅन फाटकाशी वाजली की माझा हात आपोआप छातीशी जातो.

मावशींचे नियम कडक होते. सुरी लावायची नाही, पकड-पाना नाही, रॉकेलचा तर देवाला वासही लागू द्यायचा नाही. करडईचं तेल आणि कडुनिंबाची काडी, बस्स. खरवडून निघेल तो भंडारा भुईवर सांडायचा नाही, पितळी ताटलीत गोळा करायचा आणि देवापुढं ठेवायचा. यांचा जन्म बंदुका साफ करण्यात गेलेला. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आवं मावशी, रॉकेलचा एक बोळा द्या. अर्ध्या तासात मोकळं करतो."

"मग अर्ध्या तासात घरला जाशील," मावशी म्हणाल्या आणि काडी पुढं केली.

देवळाच्या ओट्यावर घोंगडं अंथरून हे बसायचे. खरवडायला डावा हात लागायचा, म्हणून हत्यार उजव्या हातात ठेवण्यावाचून इलाज नव्हता. मी त्यांची बोटं एकेक करून मुठीभोवती मिटवायची. सुटायचं, घोंगड्याच्या घडीवर पडायचं, आवाजसुद्धा व्हायचा नाही. मी पुन्हा ठेवायची. एकदाही काही बोलले नाही, आणि माझ्यासारख्या बाईला हे किती अवघड गेलं असेल, ओळखणाऱ्यांनी ओळखावं. मावशी समोर बसून लसूण सोलत असायच्या. कधी मेंढरांच्या गोष्टी सांगायच्या, कधी यांच्या पलटणीच्या ऐकायच्या. यांचं बोलणंही तिथं बदलायचं. घरात शब्द तोलून बोलणारा माणूस तिथं "आमी, तुमी, लय" असं लहानपणीचं बोलायला लागायचा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मी भाकरी वाढत असताना पाहिलं, हत्यार यांच्या उजव्या हातात होतं आणि ते मी ठेवलेलं नव्हतं. मी काही दाखवलं नाही. ताट ठेवून देवळाच्या मागं गेले आणि तिथं लिंबाच्या झाडाला धरून मनसोक्त रडले. मावशी मागून आल्या. त्यांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला.

पुटं हळूहळू निघत गेली. नळीवरचा नंबर दिसला. चक्रीची घरं एकेक करून मोकळी झाली, पाच होती. यांनी मावशींचं बोट धरून ती मोजून दाखवली. दिवाळीच्या आधी चक्री फिरली. त्या वर्षीच्या खंडेनवमीला मावशींनी पहिल्यांदाच तेल ओतलं नाही, हळदीचं एक बोट लावलं आणि यांच्याकडं बघून विचारलं, "एवढं चालंल का?" यांनी गंभीरपणे मान डोलावली. व्यायामाच्या बाई घरी आल्या की आता हे चेंडूही दाबत होते. म्हणत, रविवारी काम असतं, हात तयार पाहिजे.

मला आता देवावर काढलेला राग आठवला की शरम वाटते. तो हो म्हणाला असता तर काय झालं असतं, हे मी खूपदा मनात बघितलंय. मी ते पदराखाली घालून आणलं असतं. यांनी चार दिवस हाताळलं असतं, मग खिळ्यावर टांगलं असतं, आणि हा माणूस त्याच पलंगावर, त्याच भिंतीकडं तोंड करून पडून राहिला असता. त्या एका डाव्या पाकळीचे उपकार मी कसे फेडणार आहे? आणि त्या मावशींचे, ज्यांनी मला परत पाठवलं नाही? ज्यानं कुणी कधीकाळी एवढ्या मोठ्या गोळीचं हत्यार इतकं हलकं बनवलं, त्या येड्याला किंवा हुशार माणसालाही मी दिवा लावताना हात जोडते.

राहिला होता घोडा. तो मागं ओढायचा म्हणजे अंगठ्यात जोर पाहिजे, आणि यांचा अंगठाच सगळ्यात शेवटी जागा होत होता. महाशिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं. त्या रविवारी यांनी काडी खाली ठेवली, तेलाचं एक बोट घोड्याच्या खाचेत फिरवलं आणि उजवा अंगठा त्याच्यावर टेकवला. डावा हात आपणहून पाठीमागं नेला, चुकून मदत करेल म्हणून. निम्म्यापर्यंत आला आणि अंगठा घसरला. पुन्हा टेकवला. मनगट थरथरत होतं, मानेची शीर ताठ झाली होती. भावजी तोंड फिरवून उभे राहिले.

खट्.

बारीकसा आवाज, पण ओट्यावर सगळ्यांना ऐकू आला. घोडा वर उभा राहिला आणि वरच थांबला. यांनी हात पुढं करून मला दाखवला. मी तो हात, त्या हत्यारासकट, दोन्ही हातांत धरून बसले.

मावशी उठल्या. झेंडू आणला, पाणी आणलं. डोळे पदरानं पुसत यांना म्हणाल्या, "लेका, सक्ख्या पोरानं केली न्हाई आशी शेवा केलीस द्येवाची. आता त्योबी पाघळला आसंल. पुन्यांदा कौल लावते. आता उजवा दील बघ, घिऊन जा तुज्या भिंतीला."

त्यांनी पाकळ्या ओल्या केल्यासुद्धा. वीस वर्षं ज्याचा ध्यास घेतला ते मिळायला एका पाकळीचं अंतर होतं, आणि मी यांच्या तोंडाकडं बघत होते. यांनी उजवा हात उचलला. खांद्यापासून, सावकाश, पण स्वतःच उचलला, आणि मावशींच्या मनगटावर ठेवून ते मागं सारलं.

"नगं मावशी," म्हणाले. "इचारू नका त्याला. व्हय म्हनला तर रविवारी मी कुटं जाऊ?"